खातं कोणाचं ते कळलं, आता नाव छापायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी बातम्यांचं संकेतस्थळ चालवणारे एक संपादक विचारतात: आमच्या बातम्यांखाली 'जागल्या' या नावाने कुणीतरी वर्षभर नगरपरिषदेच्या पाणी योजनेवर लिहितंय. पाइप ठरल्यापेक्षा हलका टाकला, टाकीची गळती चाचणी न घेताच बिल निघालं, एका नगरसेवकाची ठेकेदाराबरोबर भागी आहे, असे आरोप. नगरसेवक चिडलेत, नाव मागतायत. पोलीस ठाण्यातूनही फोन आला. आम्ही नोंदणीचा ई-मेल उघडून पाहिला, तर तो नगरपरिषदेच्याच बांधकाम विभागातल्या एका कनिष्ठ अभियंत्याचा निघाला. ही बातमी छापावी का? निदान नगरसेवकांना सांगावं का?

दोन्हींचं उत्तर नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण उद्या खातं दुसऱ्या कुणाचं निघालं तर उत्तर बदलू शकतं आणि ते कशामुळे बदलतं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

नोंदणी करताना वाचकाने दिलेला ई-मेल ही तुमच्याकडची अनामत आहे. त्याने तो कशासाठी दिला? पासवर्ड विसरला तर नवा मिळावा, प्रतिक्रियेला उत्तर आलं तर कळावं, एवढ्यासाठी. बातमीचा कच्चा माल म्हणून दिलेला नाही. छापील वर्तमानपत्रांत वाचकांच्या पत्रांची रीत अशीच आहे: नाव-पत्ता संपादकाच्या फायलीत, छापताना टोपणनाव. मराठीत ही रीत जुनी आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या सहीने पत्रं येत होती आणि ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच तत्त्वावर उभा आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची. त्या कायद्यात पत्रकारितेसाठी वेगळी सवलत नाही, हेही ध्यानात ठेवा. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२अ आहे. करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती, समोरच्याचं नुकसान होईल हे माहीत असताना, संमतीशिवाय उघड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या संकेतस्थळाच्या अटींमध्ये 'ई-मेल गोपनीय राहील' असं वाक्य असेल, आणि ते बहुतेकांच्या अटींमध्ये असतंच, तर तो करार झाला.

या प्रश्नावर सगळ्यांत जास्त शिकवणारं प्रकरण अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचं आहे, २०१० सालचं. 'द प्लेन डीलर' या दैनिकाच्या संकेतस्थळावर 'लॉमिस' नावाच्या खात्यावरून ऐंशीहून अधिक प्रतिक्रिया आल्या होत्या. त्यातली एक त्याच दैनिकाच्या एका बातमीदाराच्या नातेवाइकाच्या मानसिक स्थितीबद्दल होती. ती काढून टाकली गेली, आणि ती काढताना ऑनलाइन संपादकाने नोंदणीचा ई-मेल पाहिला. तो पत्ता नेहमीच्या शोधयंत्रात टाकल्यावर न्यायाधीश शर्ली स्ट्रिकलंड सॅफोल्ड यांच्यापर्यंत पोचला. याच खात्यावरून त्यांच्यासमोर चाललेल्या खटल्यांवर आणि एका बचाव वकिलावर टिप्पण्या झाल्या होत्या, आणि तो वकील त्यांच्याच न्यायालयात अँथनी सॉवेल या खुनाच्या आरोपीचं काम पाहत होता. दैनिकाने मार्चमध्ये हे छापलं. न्यायाधीशांनी आपण त्या प्रतिक्रिया लिहिल्याचं नाकारलं. त्यांच्या मुलीने त्या आपल्या असल्याचं सांगितलं. एप्रिलमध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सॉवेल खटल्यातून दूर केलं. न्यायाधीशांनी पाच कोटी डॉलरचा दावा लावला आणि तो वर्षअखेर आपसात मिटला.

या प्रकरणात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि बहुतेक लोक ते वेगळे करत नाहीत. पहिला: जन्मठेप किंवा मृत्युदंड ठरवू शकणाऱ्या न्यायाधीशाच्या ई-मेलवरून त्याच खटल्याच्या वकिलावर मतं मांडली जात असतील तर ते लोकांना कळायला हवं का? माझ्या मते निःसंशय हवं. आरोपीला निष्पक्ष न्यायाधीश मिळण्याचा हक्क कुठल्याही टोपणनावापेक्षा मोठा आहे. दुसरा: ई-मेल पाहण्याची सुरुवात योग्य होती का? नव्हती. तो पाहिला गेला तो न्यायाधीशाच्या वागण्याचा संशय आला म्हणून नव्हे. आपल्या सहकाऱ्याबद्दल कुणीतरी वाईट लिहिलं म्हणून. तेव्हा खात्यामागे न्यायाधीश निघेल हे कुणालाच माहीत नव्हतं. तिथे एखादी गृहिणी किंवा शिक्षक निघाला असता, तर आपल्याच माणसाच्या रागापायी त्याची अनामत फोडली असं झालं असतं. शेवट महत्त्वाचा निघाला म्हणून सुरुवात योग्य ठरत नाही. त्यानंतर त्या संकेतस्थळाने बातमीदार मंडळींची ई-मेल पाहण्याची सोय बंद केली, ते बरोबर केलं.

दैनिकाने तिथे केलेलं एक काम मात्र वाखाणण्यासारखं आहे. ते ई-मेलवर थांबले नाहीत. सार्वजनिक कागदपत्रांच्या कायद्याखाली न्यायाधीशांच्या सरकारी संगणकाच्या वापराची नोंद मागवली आणि काही प्रतिक्रियांच्या वेळा त्या नोंदींशी जुळतात का ते पाहिलं. म्हणजे अनामतीबाहेरचा, स्वतंत्र, सरकारी पुरावा. एखाद्याची ओळख छापायचीच असेल तर ती अशा पुराव्यावर उभी राहिली पाहिजे, तुमच्या स्वतःच्या डेटाबेसवर नव्हे.

ओळख कशी मिळवली हे लपवलं की काय होतं त्याचं उदाहरण ब्रिटनचं. लँकेशरमधला एक पोलीस हवालदार 'नाइटजॅक' नावाने पोलिसी कामाबद्दल लिहायचा. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याला ऑर्वेल पारितोषिक मिळालं. 'द टाइम्स'ने त्याचं नाव छापायचं ठरवलं. तो न्यायालयात गेला, पण १६ जून २००९ रोजी न्यायमूर्ती ईडी यांनी मनाई नाकारली: असं लेखन ही सार्वजनिक कृती आहे, तिच्यात खासगीपणाची अपेक्षा धरता येत नाही. उघड माहिती जुळवत बातमीदार नावापर्यंत पोचला, असं न्यायालयापुढे मांडलं गेलं होतं. पुढे माध्यमांच्या चौकशीत बाहेर आलं की बातमीदाराने परवानगीशिवाय त्याचं ई-मेल खातं उघडलं होतं. २०१२ मध्ये दैनिकाने माफी मागून ४२,५०० पौंड दिले. निकाल लागला तेव्हा न्यायालयासमोर खरं चित्र नव्हतं. म्हणून नियम करा: नाव कसं कळलं हे वाचकांना उघडपणे सांगता येत नसेल, तर ते नाव छापता येत नाही.

आता तुमच्या पुराव्याकडे येऊ. 'तो अभियंत्याचा ई-मेल निघाला' म्हणजे नेमकं काय निघालं? ई-मेल पत्त्यात नाव आहे एवढंच. त्या नावाने पत्ता कुणीही काढू शकतं. तुम्ही नोंदणीच्या वेळी दुवा पाठवून ई-मेलची खात्री करता का? बरीच संकेतस्थळं नुसता पत्ता टाकून प्रतिक्रिया घेतात. मग एखाद्या ठेकेदाराने वैर काढायला त्या अभियंत्याचा पत्ता टाकला असेल, हेही शक्य आहे. 'बुल्लीबाई' प्रकरण आठवा. जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'ला लावणाऱ्या त्या ॲपशी संबंधित खात्यांना शीख वाटतील अशी नावं मुद्दाम दिली होती, आणि मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटक केली ती शीख नसलेल्या लोकांना. खात्याच्या नावावर विसंबून कुणी बोट दाखवलं असतं तर एका समाजावर आळ आला असता.

आयपी पत्त्याचं, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकाचं, तर विचारूच नका. सर्व्हरच्या नोंदीत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. समजा नोंद आहे '०३ मार्च, १८:४०:१२, +००००'. आपल्याकडे तेव्हा ४ मार्च ही तारीख सुरू होऊन १० मिनिटं झालेली असतात, कारण साडेपाच तास मिळवायचे. पत्र लिहिताना कारकुनाने 'दि. ३ मार्च, सायंकाळी ६:४०' असं उतरवलं की इंटरनेट पुरवठादार त्या वेळी तो पत्ता ज्याच्याकडे होता त्या भलत्याच ग्राहकाचं नाव काढून देतो. मोबाइल इंटरनेटवर एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरतात. तिथे पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यामागची नेमकी जोडणी दाखवणारा आकडा) आणि अचूक सेकंद नसेल तर एक माणूस निवडताच येत नाही, आणि छोट्या संकेतस्थळांच्या नोंदीत पोर्ट क्रमांक नसतो. संकेतस्थळ क्लाउडफ्लेअरसारख्या, वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणाऱ्या सेवेमागे असेल आणि मूळ पत्ता नोंदवायची मांडणी केली नसेल, तर तुमच्याकडे जमलेले सगळे पत्ते त्या सेवेचे असतात, वाचकांचे नसतात. आणि हे सगळं बिनचूक जमलं तरी कळतं काय? जोडणी कुणाच्या नावावर आहे, एवढंच. घरातला मुलगा, भाडेकरू, कार्यालयातला दुसरा कारकून, वाय-फायचा पासवर्ड माहीत असलेला शेजारी, यांतलं कुणीही लिहिलेलं असू शकतं.

याची किंमत काय असते ते २००७ मध्ये पुण्यात दिसलं. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बंगळुरूतल्या एका संगणक अभियंत्याला उचललं. आयपी पत्त्यावरून ग्राहक ओळखताना पुरवठादाराकडून चूक झाली होती; मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. तो सुमारे ५० दिवस येरवड्यात होता. तपास यंत्रणा आणि इंटरनेट कंपनी हाताशी असताना हे घडलं. मग आपण चार जण संगणकापुढे बसून काढलेल्या निष्कर्षाला किती वजन द्यायचं?

'पण त्याची भाषा ओळखू येते', असं अशा वेळी हमखास म्हटलं जातं. भाषेवरून ओळख पटते, पण त्याला तुलनेसाठी भरपूर लेखन आणि जाणकार लागतो. मराठीत आणखी अडचण आहे. 'करून राहिले' वाचून माणूस विदर्भातला असावा एवढं म्हणता येतं. तालुक्यातली निम्मी माणसं तसंच बोलतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या सवयी फोनचा कळफलक स्वतःच बदलतो, आणि बोलून टंकलेल्या मजकुरात लेखकाच्या शुद्धलेखनाचा मागमूसही उरत नाही. 'बैठकीत हे मीच बोललो होतो, म्हणजे त्या बैठकीतलाच कुणीतरी' हा तर्क तर फारच घातक, कारण बैठकीतली गोष्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचलेली असते.

समजा, सगळ्या शंका फिटल्या आणि तो अभियंताच आहे. तरी छापायचं नाही. आता कारण वेगळं आहे. तो ज्या कामाबद्दल लिहितोय ते लोकांच्या पैशाचं आहे, लिहिणारा आत बसलेला आहे आणि त्याच्यावर उलटू शकणारे लोक त्याच्याहून ताकदवान आहेत. नाव फुटलं तर वर्तणूक नियमांवर बोट ठेवून नोटीस, निलंबन, विभागीय चौकशी एवढं तर लगेच होईल. त्याहून वाईटही होतं. सत्येंद्र दुबे या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरप्रकारांबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं, आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती, आणि ते पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. ती लुटीच्या प्रयत्नात झाली, असं पुढे न्यायालयात ठरलं. पण नाव राखलं गेलं नाही ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. २००४ मध्ये माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्र सरकारचा ठराव आला तो त्यानंतर उठलेल्या आवाजामुळेच. २०१४ मध्ये जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण तो लागू झालेला नाही. म्हणजे आज तुमच्या 'जागल्या'ला त्या कायद्याचं छत्र नाही. त्याच्या आणि नोटिशीच्या मध्ये तुमच्या कपाटाचं कुलूप आहे, दुसरं काही नाही.

हाच न्याय जात पंचायतीविरुद्ध लिहिणाऱ्याला, अत्याचार सोसलेल्या बाईला, आपल्या रुग्णालयातल्या सुयांच्या पुनर्वापराबद्दल लिहिणाऱ्या परिचारिकेला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो बहिष्कार खरोखर होतो म्हणून. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे, मग ती तिने स्वतः टोपणनावाने लिहिलेली प्रतिक्रिया का असेना.

नाव छापणं योग्य ठरेल असा प्रसंग कोणता? त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: लिहिणाऱ्याकडे लोकांनी दिलेली सत्ता आहे, टोपणनाव वापरून तो त्या सत्तेचा गैरवापर करतोय किंवा हितसंबंध लपवतोय, आणि नाव सांगितल्याशिवाय ती बातमी लोकांना समजूच शकत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये हे तिन्ही होतं. तिथले वरिष्ठ सरकारी वकील साल पेरिकोन टोपणनावांनी चालू तपासांवर आणि आरोपींवर प्रतिक्रिया लिहीत होते. मार्च २०१२ मध्ये ते उघड झालं आणि त्यांनी राजीनामा दिला. ते ओळखले गेले ते ज्याच्यावर ते लिहीत होते त्या उद्योजकाच्या बाजूने केलेल्या भाषेच्या तपासणीतून. दैनिकाने नोंदणी फोडली नव्हती. कतरिना वादळानंतर डॅन्झिगर पुलावर निःशस्त्र लोकांवर झालेल्या गोळीबाराच्या प्रकरणातल्या पाच पोलिसांच्या शिक्षा सप्टेंबर २०१३ मध्ये रद्द होऊन नव्याने खटला चालवायचा आदेश झाला, त्यात सरकारी वकिलांच्या या निनावी लेखनाचं कारण मोठं होतं. गोळ्या लागलेल्यांच्या घरच्यांना त्या टोपणनावांमुळे पुन्हा वर्षानुवर्षं थांबावं लागलं. इथे नाव झाकून ठेवणं चुकीचं झालं असतं.

तुमच्या गावात त्याचं रूप असं असेल: 'एक सुज्ञ नागरिक' या नावाने नगरसेवक स्वतःच्याच वॉर्डातल्या कामाची तारीफ करतोय आणि तक्रार करणाऱ्या बायकांवर घाणेरडं लिहितोय. किंवा ठेकेदाराची माणसं वीस खात्यांवरून एकाच मजकुराचा मारा करतायत. दुसऱ्या प्रकारात नावं न छापताही बातमी होते: वीस खाती एकाच आठवड्यात उघडली, सगळ्यांचा मजकूर अक्षरशः एक, सगळ्यांचा रोख एकाच योजनेवर. एवढं छापा आणि खाती बंद करा. आणि तुमच्याच प्रकरणात, तो अभियंता स्वतःच ती खोटी बिलं पास करणारा असेल आणि दोष दुसऱ्यावर ढकलत असेल तर? मग बातमी त्याच्या सहीची आहे. ती सही नगरपरिषदेच्या कागदावर आहे, तिथून घ्या. 'जागल्या तोच' हे सांगायची तेव्हाही गरज नाही.

धमकी, लहान मुलांचा छळ, बाईचे खासगी फोटो टाकणं, यांत मात्र टोपणनावाचं संरक्षण मागायचा कुणाला हक्क नाही. तरी नाव छापायचं नसतं, ते पोलिसांकडे द्यायचं असतं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. १९९९ मध्ये फिनलंडमध्ये १२ वर्षांच्या मुलाच्या नावाने कुणीतरी ओळखी जुळवणाऱ्या संकेतस्थळावर जाहिरात टाकली. टाकणाऱ्याचं नाव पुरवठादाराकडून मिळवायची सोय कायद्यात नव्हती. २००८ मध्ये न्यायालयाने म्हटलं, मुलाचं रक्षण करण्यात फिनलंड कमी पडला. २०२१ मध्ये ऑस्ट्रियाच्या 'डेअर श्टांडार्ड' दैनिकाच्या प्रकरणात, राजकारण्यांवर टीका करणाऱ्या वाचकांची ओळख द्यायचा आदेश त्याच न्यायालयाने अयोग्य ठरवला. प्रतिक्रिया लिहिणारा हा बातमीदाराचा 'स्रोत' नव्हे, पण राजकीय मतासाठीचं त्याचं निनावीपण तोलल्याशिवाय काढून घेता येणार नाही, असं म्हटलं. नुकसान कोणाचं आणि किती, यावर सगळं ठरतं.

आता नगरसेवक आणि पोलीस.

नगरसेवकांना सांगा: प्रतिक्रिया खोटी वाटत असेल तर नेमकं कुठलं वाक्य, कुठल्या तारखेचं, त्यात काय खोटं, हे लेखी द्या, तुमचा खुलासा आम्ही तेवढ्याच ठळकपणे प्रसिद्ध करू. बहुतेक प्रकरणं इथेच निवळतात, कारण वाक्यावर बोट ठेवायला सांगितलं की 'बदनामी चालली आहे' हा राग पुरत नाही. नाव हवंच असेल तर दार न्यायालयाचं आहे. आपल्याकडे अज्ञात प्रतिवादीवर दावा लावता येतो. अमेरिकेत त्याला 'जॉन डो' म्हणतात, दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशांत त्याला 'अशोक कुमार' हे नाव पडलंय. न्यायालय पटलं तर संकेतस्थळाला खात्याची प्राथमिक माहिती द्यायला सांगतं. त्या टप्प्यावर वकिलामार्फत आपलं म्हणणं जरूर मांडा. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २००१ च्या 'डेंड्राइट' निकालात घातलेल्या पायऱ्या आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादाला फार उपयोगी आहेत: लिहिणाऱ्याला आधी कळवा आणि उत्तराला वेळ द्या, आक्षेपाचे नेमके शब्द मांडा, दावा कायद्यात बसतो का पाहा, प्राथमिक पुरावा दाखवा, आणि शेवटी दोन्ही बाजू तोला. त्या खटल्यात कंपनीला आपलं नुकसान दाखवता आलं नाही आणि नाव मिळालं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवताना प्रमाणबद्धतेची, म्हणजे हक्कावरचं बंधन गरजेपुरतंच असावं अशी, जी कसोटी दिली, तिच्याशी हे चांगलं जुळतं.

पोलिसांचा फोन आला म्हणून घाबरून जाऊ नका. नुसती बदनामी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. निनावी धमकीचं तसं नाही. निनावी राहून धमकी दिली तर कलम ३५१(४) खाली शिक्षा वाढते. म्हणून फोनवर नम्रपणे एवढंच: 'साहेब, लेखी पाठवा, आम्ही नियमानुसार उत्तर देऊ.' पत्र आलं की पाहा: गुन्हा क्रमांक आणि कलमं आहेत का, कागदपत्रं मागवायचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ लिहिलंय का, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही आहे का, सरकारी पत्त्यावरून आलंय की कुणाच्या खासगी ई-मेलवरून, नेमकी कुठली प्रतिक्रिया आणि किती काळाची माहिती हवी आहे. व्हॉट्सॲपवरचा फोटो पुरेसा धरू नका. ठाण्यात फोन करून खात्री करून घ्या. 'या खात्याची सगळी माहिती द्या' असं असेल तर मर्यादा घालून मागा. कायदेशीर आदेश आला तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ७२ तासांत माहिती द्यावी लागते. तेव्हा जेवढं मागितलं तेवढंच, वेळेसोबत '+०५:३०' की '+००:००' हे स्पष्ट लिहून द्या आणि प्रत ठेवा. एक चूक मात्र कधीही करू नका: नोटीस आल्यावर नोंदी पुसणं. वाचकाला वाचवायच्या भरात कुणी ते केलं, तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर येतो आणि त्याचंही भलं होत नाही.

घर आधीच आवरलेलं असलं की असे प्रसंग सोपे जातात. तुमचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर आजच तपासा. 'ऑथर' दर्जाच्या बातमीदाराला स्वतःच्या बातमीखालच्या प्रतिक्रिया हाताळताना लिहिणाऱ्याचा ई-मेल आणि आयपी पत्ता दोन्ही दिसतात. शिवाय प्रत्येक नव्या प्रतिक्रियेची सूचना त्याला ई-मेलने जाते आणि तिच्यातही या दोन्ही गोष्टी असतात. म्हणजे तुमच्या सोडून गेलेल्या बातमीदाराच्या जुन्या ई-मेलमध्येही वाचकांच्या ओळखी पडून आहेत. सेटिंग्जमधल्या 'डिस्कशन'मध्ये जाऊन ही सूचना बंद करा. तिथेच अवतार, म्हणजे प्रतिक्रियेशेजारचं छोटं चित्र, दाखवणंही बंद करा: त्या चित्राच्या दुव्यात ई-मेलपासून बनलेला संकेत असतो, आणि एखाद्याचा ई-मेल माहीत असलेला कुणीही त्याचा संकेत काढून जुळतो का ते बाहेरूनच पाहू शकतो. ई-मेल पाहायचा अधिकार दोनच माणसांना ठेवा आणि कुणी, कधी, कशासाठी पाहिला हे साध्या वहीत लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. कुठलीही नोटीस प्रलंबित नसेल तर त्यापलीकडच्या आपोआप पुसल्या जातील अशी मांडणी करा. प्रतिक्रियांच्या तक्त्यातले आयपी पत्ते मात्र आपोआप जात नाहीत, ते वेगळे पुसावे लागतात. नको असलेली ओळख जपून ठेवली नाही तर ती कुणी मागूही शकत नाही.

आणि बातमी? ती आहेच, पाणी योजनेची. 'जागल्या'ने पत्ता सांगितलाय, तिथे जा. माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा: कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, पाइपच्या तपासणीचे अहवाल, टाकीच्या गळती चाचणीचा अहवाल आणि मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे एम.बी.च्या, संबंधित पानांच्या प्रती. कारण सांगावं लागत नाही, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चाचणीची तारीख बिलाच्या तारखेनंतरची निघाली, तर तुमची बातमी 'जागल्या'चं नावही न घेता उभी राहते. अर्ज त्याच्या प्रतिक्रियेतल्या शब्दांत लिहू नका आणि फक्त त्याच एका कामासाठी करू नका. तीन-चार कामांचे वेगवेगळे अर्ज एकाच वेळी करा, नाहीतर अर्ज वाचणारा 'हे आतून आलं' असं लगेच ओळखेल.

तुमच्या कार्यालयातल्या किती जणांना त्याचं नाव कळलंय ते आजच मोजा आणि त्यांच्याशी एकेकाशी बोला. बायकोला सहज सांगितलेलं नाव तालुक्यात दोन दिवसांत फिरतं. त्यानंतर त्याच नोंदणीच्या ई-मेलवर, नाव न घेता, तुमच्या स्वतःच्या सहीने एवढं कळवा: 'आपल्या खात्याची ओळख एका पक्षाकडून मागितली गेली आहे. आम्ही ती दिलेली नाही. न्यायालयाचा किंवा कायदेशीर आदेश आल्यास, मनाई नसेल तर, आपल्याला आधी कळवू आणि वकिलाचा सल्ला घेण्यासाठी १४ दिवसांची मुदत मागू. आमच्या कार्यालयात काही जणांनी आपला ई-मेल पाहिला आहे, तो पाहायला नको होता. कार्यालयाच्या संगणकावरून किंवा कार्यालयीन वाय-फायवरून लिहू नये. लाचेची तक्रार करायची असल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.'